एकोणीस सेकंद

मालिकेचा पहिला भाग शुक्रवारी लागला आणि शनिवारी सकाळी दहाच्या आत आमची सालटी निघाली होती.

मी फाइट मास्तर आहे. बाई असले तरी मास्तरच म्हणतात, मास्तरीण म्हटलं की लोकांना शाळा आठवते. बावीस वर्षं माणसं मारायचं काम करते आहे. चाकूने, खुर्चीने, फुटक्या बाटलीने, दोरीने, नुसत्या हातांनी. कोणाचं डोकं नळावर आपटायचं, कोणाला जिन्यावरून ढकलायचं, हे मी ठरवते, शिकवते, आणि शॉट चालू असताना कॅमेऱ्याच्या कडेला दोन पावलांवर उभी राहते. तिथे उभं राहणं हेच खरं काम. बाकीचं कोणीही करेल.

धाकटी माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. तेव्हापासून तिचं नाक मी पुसलं, तिच्या वेण्या मी घातल्या, पहिल्यांदा शाळेत मारामारी करून आली तेव्हा कोपर कुठे ठेवायचं तेही मीच दाखवलं. मोठी झाल्यावर म्हणाली, मला तुझंच काम करायचंय. मी आदळआपट केली, आठ दिवस बोलले नाही. पण ती माझीच बहीण, हट्टाला पेटली की पेटली. शेवटी हिरोईनची डबल म्हणून घेतली. डबल म्हणजे चेहरा हिरोईनचा आणि हाडं हिची. पहिल्या दिवशी तिला शब्द दिला होता, मी उभी असेन तिथे तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. सहा वर्षं तो पाळला. बाकी लोकांचे पाय मोडले, खांदे निखळले, तिला मात्र कधी एक टाका पडला नाही.

त्या शनिवारी आम्ही तालमीच्या हॉलमध्ये गाद्यांवर बसलो होतो आणि धाकटी फोनवरून परीक्षणं मोठ्याने वाचत होती. एकाने लिहिलं होतं की कथा सुरू होईपर्यंत माझ्या मांजराने दोन झोपा काढल्या. दुसऱ्याने लिहिलं की खुनी एवढा दांडगा, पण चेहरा असा की म्हातारी त्याच्याकडे पिशवी धरायला देईल, आणि हात तर बँकेतल्या कारकुनासारखे मऊ. यावर आम्ही सगळे हसलो, कारण ते अगदी खरं होतं. खुन्याचं काम करणारा नट सव्वासहा फूट उंच, आणि स्वभावाने इतका गरीब की सेटवर सगळे त्याला गाय म्हणायचे. गाय आला, गाय जेवला, असं. त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. तोही तिथेच बसून हसत होता, स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होता.

मग तिसरं परीक्षण आलं. हा समीक्षक म्हणजे ज्याचं लिहिलेलं वाहिनीचे साहेब लोक सकाळच्या चहाबरोबर वाचतात तो. त्याने एक अख्खा परिच्छेद गळा दाबण्याच्या प्रसंगावर खर्च केला होता. मरणारी बाई जमिनीवर तळहात दोनदा आपटते, आणि खुनी लगेच आज्ञाधारक मुलासारखा हात सैल करतो. शेजारणीने दार वाजवून वाटीभर साखर मागावी, असा हा मृत्यू आहे. ही मारामारी ज्यांनी बसवली त्यांनी यापुढे बालनाट्यं बसवावीत.

धाकटी हसून लोळली. मला नाही हसू आलं.

आता ते तळहाताचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या धंद्यात गळा दाबणारा काही करतच नाही. त्याचे हात गळ्यावर नसतात, खाली गळपट्टीच्या हाडांवर असतात. मरणारी त्याची मनगटं धरून त्याचं वजन वर उचलून धरते, आणि पाय झाडणं, घुसमटणं, डोळे फिरवणं सगळं तीच करते. पण कधी केस अडकतो, कधी हात सरकतो, कधी खरंच श्वास कोंडतो. तेव्हा तोंडाने ओरडून उपयोग नाही, कारण ओरडणं तर प्रसंगातच असतं. म्हणून खूण. तळहात जमिनीवर दोनदा. तो दिसला की समोरच्याने हात काढायचे आणि मी शॉट तोडायचा, मग कॅमेऱ्यामागे कोणीही असो. पहिल्या भागातल्या त्या मरणाऱ्या बाईची डबलही धाकटीच होती, तिच्या मानेला केसातली पिन टोचली, तिने हात आपटला, गायने सोडलं, आणि संकलन करणाऱ्या शहाण्याने तेवढा तुकडा तसाच ठेवला. चूक त्याची. पण नाव माझं गेलं होतं. बावीस वर्षं काम केल्यावर कोणीतरी मला बालनाट्यं बसवायला सांगत होता, आणि माझ्या अंगाची नुसती लाही होत होती.

दुपारी दिग्दर्शकाने बोलावलं. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. वाहिनीने सांगितलं होतं की पंधरा दिवसांनी लागणाऱ्या दुसऱ्या भागालाही असंच लिहून आलं तर गाशा गुंडाळा. दुसऱ्या भागात खुनी हिरोईनला हॉटेलच्या धुलाईघरात गाठतो आणि मेली समजून टाकून जातो. तो प्रसंग आता त्याला एकाच सलग शॉटमध्ये हवा होता, चाळीस सेकंद, मध्ये कुठेही न कापता. केस चेहऱ्यावर, म्हणजे डबल ओळखू येणार नाही. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, मास्तर, तो हात काढता येईल का?

त्याने हुकूम सोडला नव्हता, विचारलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तो कुरकुरला असता आणि गप्प बसला असता. मी म्हटलं, काढते.

नवी खूण मी घरी बसून शोधली. धाकटीने गायची मनगटं धरलेलीच असतात, तर अंगठ्याने आतल्या बाजूला दोनदा दाबायचं. कॅमेऱ्याला दिसत नाही, समीक्षकाच्या बापाला दिसत नाही. मला फार हुशारी वाटली स्वतःची. धाकटीला नाही आवडलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की दाबलेलं फक्त त्याला कळेल, तुला कळणार नाही, ताई. बरोबर बोलत होती. शंभर टक्के बरोबर. आणि मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, घाबरलीस का? घाबरली असशील तर दुसरी बघते.

ती गाद्यांवर जाऊन आडवी पडली आणि म्हणाली, चला.

तीस वेळा केलं. पहिल्या वीस वेळा नुसती नवी खूण. मग माझ्या लक्षात आलं की तळहात जमिनीवर वाजला की गाय सवयीने सोडून देतो. ती सवय मोडायला हवी होती. म्हणून पुढच्या दहा वेळा मी धाकटीला मुद्दाम हात आपटायला लावला आणि गायला सांगितलं, सोडायचं नाही. पहिल्यांदा त्याने सोडलंच. मी हातातली काठी त्याच्या पाठीत घातली. दुसऱ्यांदा सोडलं, पुन्हा घातली, या वेळी जरा जोरात. पाचव्या वेळेनंतर त्याने सोडलं नाही. शर्टातून वळ दिसत होते आणि बिचारा मलाच विचारत होता, ताई, आता जमलं ना? मी म्हटलं, आता जमलं.

शूटिंग बुधवारी सकाळी होतं. धुलाईघर झकास उभं केलं होतं. भिंतीला लावलेली मोठी मशिनं, चादरींच्या गाड्या, वाफ सोडायला नळ्या, इस्त्रीची टेबलं, आणि टेबलांवर खऱ्या लोखंडी इस्त्र्या, कारण आता सगळ्यांना सगळं खरं हवं होतं. लादीवर साबणाचं पाणी शिंपडलं होतं. मी चालून पाहिलं, निसरडं होतं. गायच्या गुडघ्याखाली रबर चिकटवून घेतलं आणि समाधान मानलं.

मग गाय तयार होऊन आला. हातात काळे चामड्याचे हातमोजे, जाडजूड, मनगटाच्या वर चार बोटं येणारे. हात कारकुनासारखे दिसतात असं लिहून आलं होतं ना, म्हणून कपडेवाल्यांनी काढलेला तोडगा.

मी ते मोजे पाहिले. कोणी मला दाखवले नाहीत, लपवले नाहीत, असं काही नाही. माझ्यासमोर तो चार हातांवर उभा होता, मी ते पाहिले आणि मनात म्हटलं, वा, आता कसा खुनी दिसतो. बावीस वर्षांचा अनुभव, आणि त्या चामड्यातून अंगठा कळेल का, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. माझ्या डोक्यात तो परिच्छेद होता. कपाळ माझं.

शॉट सुरू झाला. धाकटी चादरींच्या गाडीवर आपटली, गाडी उलटली, ती रांगत निघाली, त्याने केसांना धरून मागे ओढलं. तिने कोपर त्याच्या बरगडीत मारलं, त्याने तिचं डोकं मशिनच्या दारावर आपटलं, आवाज असा आला की दिग्दर्शकाने माझा दंड दाबला. सगळं बोटाबोटाच्या हिशेबाने चाललं होतं. तिला खाली पाडलं, तो वर बसला, हात गळपट्टीवर गेले. आणि त्याचा डावा गुडघा सरकला. रबर साबणाच्या पाण्यात सुटलं होतं. त्याचं सगळं वजन पुढे आलं आणि दोन्ही हात हाडांवरून वर घसरून गळ्यावर बसले.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं ते असं, की तो एकदम चांगलं काम करायला लागला.

तिने अंगठ्यांनी दाबलं असणार. किती वेळा दाबलं तिलाच माहीत. त्याला चामड्यापलीकडे काही कळलं नाही. मग तिने मनगट सोडलं आणि तळहात लादीवर आपटला. दोनदा. मग आणखी दोनदा. मग नुसता आपटतच राहिली, पाणी उडत होतं. गायला तर मी काठीने शिकवलं होतं, सोडायचं नाही म्हणून. तो दात आवळून दाबत राहिला. दिग्दर्शक पुटपुटला, कमाल.

आणि मी काय केलं? मी दोन पावलांवर उभी होते. तिचा हात लादीवर वाजताना मी ऐकला, पाहिला, आणि मला तिचा राग आला. मूर्ख पोरगी, मनात म्हटलं, एवढं सांगून शेवटी हात आपटलासच. बिघडवलास शॉट.

तिचा पाय सैल पडला तेव्हा मला कळलं. मेल्याचं सोंग करणारा माणूस पाय सांभाळून टाकतो, टाच दुखू नये म्हणून. तिची टाच दगडासारखी पडली.

मी ओरडले की नाही आठवत नाही. हाताला जवळची इस्त्री लागली. ती दोन्ही हातांनी उचलून मी गायच्या तोंडावर घातली. हिशेब नाही, अंतर नाही, खरी. जबडा तुटल्याचा आवाज आला, आणि तो आवाज आम्ही इतकी वर्षं खोटा काढत आलो तसा मुळीच नसतो. तो बाजूला कोसळला, तोंडातून दात आणि रक्त सांडलं, तरी मी आणखी एक घातली, खांद्यावर. मग इस्त्री टाकून तिच्या छातीशी गुडघे टेकून बसले. श्वास नव्हता, नाडी सापडेना, ओठ निळे झाले होते. तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागले. मोजत होते, रडत होते, शिव्या देत होते. माझ्या हातांखाली तिच्या दोन बरगड्या मोडल्या, कटकन, एकामागून एक. मी थांबले नाही. तोंडाला तोंड लावून हवा फुंकली, पुन्हा दाबलं. केव्हातरी तिने घशातून एक भयंकर आवाज काढला आणि हवा आत ओढली. मागे वळून पाहिलं तर गाय चारी पायांवर रांगत आमच्याकडे येत होता, खालचा जबडा लोंबत होता, आणि डोळ्यांनी विचारत होता, आहे का?

मी त्याला लाथ मारली.

हॉस्पिटलमध्ये तिच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली. स्वरयंत्र चेपलं होतं. डॉक्टर म्हणाले, वाचली ती बहिणीमुळे. परिचारिका सगळ्या वॉर्डला तेच सांगत होती. पोलीस आले तेव्हा गायने जबडा तारांनी बांधलेला असताना कागदावर लिहून दिलं की अपघात झाला, आणि ताईंनी मला मारलं ते बरोबरच केलं. धाकटी तीन दिवसांनी नीट शुद्धीवर आली. बोलता येत नव्हतं, म्हणून मी पाटी आणून दिली. तिने त्यावर पहिलं लिहिलं, तू होतीस म्हणून. मी ते पुसलं आणि म्हटलं, गप्प पड.

गाय रोज यायचा. दाराबाहेरच्या बाकावर बसायचा, सकाळी नऊपासून भेटीची वेळ संपेपर्यंत. मी त्याला आत पाऊल टाकू दिलं नाही. तुझं तोंड बघून तिचा श्वास अडकेल, असं त्याला सुनावलं. तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

मग दिग्दर्शक आला. खाली मान घालून म्हणाला, वाहिनीने तो शॉट पाहिलाय. तुम्ही धावता त्याच्या आधी कापणार. नाहीतर मालिका बंद, पन्नास माणसं घरी. मी त्याची कॉलर धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा, आणि नाकावर एक बुक्की ठेवून दिली. दोन वॉर्डबॉयनी मला ओढून बाजूला केलं. तो नाक दाबून निघून गेला, आणि शॉट लावलाच.

दुसऱ्या भागानंतर सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. त्या समीक्षकाने लिहिलं की पडद्यावर इतका खरा मृत्यू त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. हिरोईनचा जमिनीवर आपटत राहणारा तो हात, आणि तिकडे ढुंकूनही न बघणारा खुनी. मारामारी बसवणाऱ्यांची मी जाहीर माफी मागतो, असंही शेवटी होतं. मी ते हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून वाचलं. खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मला बरं वाटलं. मग मी फोन भिंतीवर फेकून मारला आणि पायरीवर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेतलं.

पंचविसाव्या दिवशी नळी काढली. डॉक्टर म्हणाले, आवाज फाटका राहील, फार बोलू देऊ नका. ते गेल्यावर मी तिच्या उशा नीट केल्या, खिडकी लावली, काहीबाही बडबडत होते. घरी गेल्यावर काय करू, कुठली खोली तिला देऊ, वगैरे. ती बघत होती माझ्याकडे. पंचवीस दिवसांत तिने पाटीवर सगळं लिहिलं होतं, तहान, दुखणं, शिव्या, परिचारिकेच्या नकला. मग तिने फोन उचलून पोटावर ठेवला आणि बोलली. लाकडावर खिळा ओढावा तसा आवाज होता.

"एकोणीस सेकंद, ताई."

मी विचारलं, कसले?

"मी हात आपटायला लागल्यापासून शॉट एकोणीस सेकंद चालतो. मी मोजले. पुन्हा पुन्हा मोजले." तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. "तू कुठे होतीस?"

खोटं बोलता आलं असतं. दिवा डोळ्यांवर होता, वाफेत दिसलं नाही, दिग्दर्शकाने दंड धरला होता. तिने मानलंही असतं, कारण सगळं हॉस्पिटल तेच मानत होतं. पण इतकी वर्षं मी तिला एकच गोष्ट शिकवत आले होते, की मार खाल्लेल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही.

"तिथेच. दोन पावलांवर."

"हात दिसला?"

"दिसला."

"मग?"

"मला वाटलं," मी म्हटलं, "तू शॉट बिघडवलास."

वाटलं होतं, ती पाटी फेकून मारेल. मारावी असंच मनापासून वाटत होतं. मारली असती तर मी तिचे पाय धरले असते, दोघी रडलो असतो आणि आमचं आम्ही निभावलं असतं. तिने मारली नाही. तिने नुसती मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी, आणि गळ्यावरच्या पट्टीला हात लावला.

"बाहेर तो बसलाय ना?"

मी हो म्हटलं.

"त्याला पाठव. आणि तू बाहेर थांब."

मी म्हटलं, अगं, त्याने तुझा गळा...

"त्याला कळलं नव्हतं," ती म्हणाली. एवढं बोलूनच तिचे डोळे पाण्याने भरले, घसा दुखला म्हणून की आणखी कशाने, ते मला विचारता आलं नाही.

मी बाहेर आले. गाय बाकावर अंग चोरून बसला होता, तारा लावलेला जबडा हाताने धरून. मी त्याला म्हटलं, जा, तुला बोलावलंय. तो उठला, माझ्याकडे बघून थबकला, परवानगी मागत असल्यासारखा. मी बाजूला झाले. तो आत गेला, दार हळूच लावून घेतलं, आणि मी त्याच्या जागेवर बसले.